गाडीत जेवणारी बाई

रविवारी माझी गाडी माझी नसते. सोमवार ते शनिवार मी सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलांमधून साड्यांचे गठ्ठे भरतो आणि मार्केटात नेऊन उतरवतो. चार लोक मला सुकलालभाऊ म्हणून हाक मारतात, चहा पाजतात. रविवारी मात्र चर्चमधली उपासना आटोपली, की माझी बायको सरलाबाई त्याच छोट्या हाथी टेम्पोत पुढच्या सीटवर येऊन बसते आणि मग मी नुसता ड्रायव्हर. मागं साबणाचा खोका, फण्या, नेलकटर, कापूस, पट्ट्या, खरजेचं मलम, मंडळीतल्या बायकांनी दिलेले जुने स्वेटर. मांडीवर तिचा स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली. "चल वं, टाइम व्हयना," असं मी म्हणायचं आणि "समोर बघून चालवा," असं तिनं म्हणायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

जायचं असतं बारडोलीकडं, ऊसतोडीच्या पडावावर. दिवाळी झाली की साक्री, पिंपळनेर, नवापूरकडची माणसं तिकडं येतात. बैलं, कोंबड्या, पोरं, सगळं बरोबर. उसाच्या कडेनं पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्या घालतात आणि कारखाना बंद होईस्तोवर तिथंच राहतात. आईबाप पहाटे फडात गेले की पोरं दिवसभर धुळीत. सरलाबाई त्यांना एकेक करून धरते, आंघोळ घालते, उवा काढते, नखं कापते, खरचटलेलं धुते. तिला बघून पोरं पळत सुटतात आणि ही पन्नाशी उलटलेली बाई पदर खोचून बांधाबांधानं त्यांच्यामागं धावते. मला ते बघायला फार आवडतं. बाई, जरा दमानं घे, असं सांगून बघा तिला. नाकावर माशी बसू देणार नाही. देवाधर्माचं ती कुणी विचारल्याशिवाय काढत नाही. विचारलं तर मात्र बोलते, आणि मग घरी यायला अंधार होतो.

तिचा एक नेम होता. पडावावरचं काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही. ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तिथल्या बाईंनी शिकवलेलं, की गरिबाच्या घरी सेवेला जाल तेव्हा त्याच्या ताटातलं घासभरसुद्धा कमी करू नका. दुसरं कारण तिच्या वडिलांचं. आमच्या लोकांना गावात पूर्वी गावकीची कामं असायची. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. बायका त्या वरून टाकायच्या, शिवाशिव नको म्हणून. सासरे लहानपणी त्यांच्या बापाबरोबर घोंगडी पसरून उभे राहिलेले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पोरांना एकच गोष्ट बजावली, की आता या घरातला हात कुणापुढं पसरायचा नाही. म्हणून दुपारी पोरं आटोपली की सरलाबाई हात धुऊन गाडीत येऊन बसायची, धूळ येते म्हणून काच वर करायची आणि आपला डबा उघडायची. शेजारी मी. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

यंदा तिच्या डोक्यात आणखी एक घोर होता. आमची एकुलती एक पोर योगिता नर्स आहे. सुरतेतली चांगली नोकरी सोडून ती आफ्रिकेत, मलावीला, मिशनच्या दवाखान्यात निघाली होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिला पाठवायची उपासना ठरलेली. त्या दिवशी आईनं उठून दोन शब्द बोलायचे, असं पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. सरलाबाई मंडळीत ताठ मानेनं फिरायची आणि घरी आल्यावर मोरीत नळ सोडून रडायची. मला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं.

तर संक्रांतीच्या आधीचा रविवार. पडावावरच्या पोरांचं सगळं लक्ष आभाळात. तुटलेला पतंग दिसला की हातातली पोरं साबणासकट निसटत होती. एका झोपडीपुढं मात्र एक लहानगा न्हाऊनमाखून, काजळ घालून बसलेला. तो पार्वतीचा. पार्वती म्हणजे पिंपळनेरकडच्या पोपटची बायको, अंगानं किरकोळ, कामाला वाघीण. मागल्या हंगामात हे पोर हगवणीनं वाचतंय की नाही असं झालं होतं. सरलाबाई दिवसभर त्याला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं मिठा-साखरेचं पाणी पाजत बसली, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. यंदा आम्ही कधीही गेलो तरी ते आधीच आंघोळ केलेलं असायचं. सरलाबाईला याचा केवढा अभिमान. "बघा, एकीला तरी स्वच्छतेचं महत्त्व कळलं," असं ती मला दर वेळी ऐकवायची.

पार्वती फडातून आली ती डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा आणि डावा हात पदराखाली. एका हातानं भारा टाकला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. सरलाबाईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

"हाताला काय झालं गं?"

"काही व्हयेल नही, काकी."

"दाखव बघू."

"राहू द्या." पार्वतीनं पोराला उचललं आणि आत गेली.

तिच्या सासूनं, चंद्रभागाबाईनं, तंबाखू मळता मळता सांगितलं, की कोयता लागला. ऊस धरलेला हात, अंगठ्याच्या बुडाशी घाव बसला, चारपाच दिवस झाले. हळद आणि तंबाखू लावून चिंधी बांधलीय. सरलाबाई मलम-कापूस घेऊन झोपडीच्या तोंडाशी गेली. पार्वती पाठ करून बसली. गोड बोलून झालं, रागावून झालं. पार्वती एवढंच म्हणत राहिली, "नही काकी. बरं व्हई जाई."

पोपट बैल सोडून आला. सरळ माणूस, मान खाली घालून बोलणारा. तो म्हणाला, "ती बसनी ते आमना कोयता पडी जाई. मुकादम दुसरा जोडा लई ई."

तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाला काढून मोळ्या बांधायच्या, गाडीवर चढवायच्या. एक बसला की दुसऱ्याचंही काम जातं, हंगाम अर्ध्यावर सोडून गावाकडं परत जायचं. सरलाबाईला वाटलं, हीच भीती असणार. "मी बोलते मुकादमाशी," ती म्हणाली. पार्वतीनं पाठ काही वळवली नाही.

परत येताना कडोदऱ्याच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं तेव्हा सरलाबाई म्हणाली, "तिच्या अंगात ताप होता हो. डोळ्यांवरून कळत होतं."

"योगिताला घेऊन येऊ," मी म्हणालो. "सुया-बिया टोचायच्या तर तिलाच जमतील."

योगिताच्या बॅगा अर्ध्या भरलेल्या, खोलीभर कपडे. आईनं सांगितलं तशी ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही. मंगळवारी मी गठ्ठ्यांना सुट्टी दिली आणि आम्ही तिघं उजाडायच्या आत निघालो. थंडी अशी होती की स्टीअरिंग धरवत नव्हतं. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागून हळूहळू, मळीचा वास खात आम्ही फडावर पोचलो.

मुकादम मोटारसायकलला टेकून मोबाईल बघत होता. सरलाबाईनं त्याला सगळं सांगितलं, पार्वती बरी होईस्तोवर तिच्या जागी मी राबते म्हणाली. त्यानं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, चष्मा, स्वेटर, पायातली चप्पल. "आ बा मोळी बांधशे?" म्हणाला, म्हणजे ही म्हातारी मोळी बांधणार का, आणि हसला. "बांधो ने. कोयतो चालवो जोईए, बीजुं आपणे शुं." कोयता चालू राहिला की त्याला पुरे होतं.

सरलाबाई फडात उतरली. मला वाटलं होतं, तासाभरात कंबर धरून वर येईल. पोपट खाली वाकून सपासप ऊस तोडत पुढं सरकत होता आणि ही मागून एकेक ऊस उचलून पाला सोलत होती. उसाचा पाला म्हणजे दोन्ही बाजूंनी धारेचा. हातावर, गालावर, मानेवर रेघा उठल्या. मोळीला वाढ्याचा बंध घालायचा, गुडघ्यानं दाबायचं, पीळ द्यायचा. तिची पहिली मोळी उचलताच सुटली आणि ऊस तिच्या पायांवर पडले. शेजारच्या बायका पदराआड हसल्या. तिनं पुन्हा बांधली. मी बैलगाडीपर्यंत मोळ्या वाहिल्या. गठ्ठे वाहण्यात जन्म काढलेला माणूस मी, तरी खांदा सोलवटून निघाला.

पार्वती बांधावर बसलेली. सरलाबाई तिच्या जागी राबत होती आणि ती टक लावून बघत होती, पण तोंडावर काही दिसत नव्हतं. योगिता तिच्याशेजारी जाऊन बसली, पोराला खेळवलं, हसत-बोलत चिंधीकडं नजर टाकली आणि माझ्याकडं आली तेव्हा तिचं हसू गेलेलं.

"पप्पा, कोपरापर्यंत लाल रेघ चढलीय. काखेत गाठ असणार. आज दवाखान्यात नाही नेलं तर हात जाईल, नाहीतर ती स्वतःच जाईल. ताप किती आहे तिला, बसल्या बसल्या थरथरतेय."

"मग सांग ना तिला."

"सांगितलं. इंजेक्शन दाखवलं, तर उठून झोपडीत गेली. जबरदस्ती कैसे करूं? ती ना म्हणतेय."

पोपटनं बायकोला आवाज चढवून सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. पार्वती आतून एकच बोलायची, "मी कोनाना हात लावू देवाव नही."

दुपार झाली. सरलाबाई घामानं आणि चिकट रसानं माखलेली. तिनं हात धुतले आणि सवयीनं गाडीत जाऊन बसली, काच वर केली, डबा उघडला. मी बैलगाडीच्या सावलीत टेकलो. शेजारी चंद्रभागाबाई येऊन बसली. म्हातारीनं गाडीकडं बघितलं, तोंडातली तंबाखू थुंकली.

"भाऊ, एक इचारू? तुनी बाई गाडीमा काब्र जेवस?"

"सवय आहे तिची."

"तिले आमना हातनं चालत नही ना?"

म्हातारीचा सूर भांडणाचा नव्हता. एखाद्याच्या घरची रीत विचारावी तसं विचारत होती.

"मागला साले पोऱ्या वाचना," ती म्हणाली. "आमनामा रीत शे. जो जीव वाचाडस त्याले पोऱ्यानी मायनी आपला हातनी भाकर खावाडनी. पार्वतीनी नागलीनी भाकर करी, सुकटनी चटनी करी. गाडीपावत लई गई. तुनी बाईनी हात लावा नही. 'पोराला दे' म्हने. त्या पोऱ्याले तव्हय दात बी नव्हतात, भाऊ." म्हातारी जराशी हसली आणि मग हसायची थांबली. "सगळ्या बाया देखी ऱ्हायनत्यात. पार्वतीनी ती भाकर कुत्राले टाकी. तव्हयपासून पोऱ्याले सोता आंग धोवाडस. तुम्हनी गाडी दिसनी का लगेच पानी तापाडस. म्हनस, जी मना हातनं खात नही, तिना हातमा मी मना हात काब्र देऊ?"

मला ती दुपार आठवली. काच खाली करून सरलाबाई म्हणाली होती, "नको गं बाई, तूच खा, पोराला दे." किती मायेनं म्हणाली होती. आणि बाहेर ती भाकर हातात धरून उभी राहिलेली पोर. आम्ही दोघं काचेच्या आत जेवत होतो.

मी गाडीपाशी गेलो आणि दार उघडून सरलाबाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय करायचं होतं. तिच्या हातात घास होता. तो तिनं डब्यात परत ठेवला.

"त्यांचं कमी होऊ नये म्हणून," ती म्हणाली. "तिच्याकडं पीठ किती असतं, तुम्ही बघितलंय ना? मी म्हणून तर—"

"मला माहीत आहे गं. तिला कुठं माहीत आहे?"

तिनं समोरच्या काचेतून उसाकडं बघितलं. मग अगदी हळू बोलली. "माझ्या आज्याला वरून भाकर टाकायचे. आणि मी काय केलं हो? मी तर घेतलीसुद्धा नाही." तिचे डोळे कोरडेच होते, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. ती खाली उतरली, डबा सीटवर तसाच उघडा राहिला.

झोपडीत पार्वती पाचटाच्या कुडाला टेकून बसलेली. पोर मांडीवर, तिचं तोंड तापानं तांबारलेलं. चंद्रभागाबाई माझ्यामागून आली आणि चुलीजवळ बसली. योगिता दाराशी.

"पार्वती," सरलाबाई म्हणाली, "मला भूक लागलीय."

"तुम्हना डबा शे ना गाडीमा."

"डबा नको. तुझ्या हातची भाकर दे."

अहो, जन्मात कुणाकडं काही न मागितलेली बाई ती. शेजारणीकडं विरजणसुद्धा मागायची नाही, मला दुकानात धाडायची. ते एवढंसं वाक्य बोलताना तिचे कान लाल झाले होते.

"उरनी नही," पार्वती म्हणाली. खोटं नव्हतं ते, टोपली पालथी दिसत होती.

"मग मी थांबते."

सरलाबाई तिथंच मातीत मांडी घालून बसली. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मग पार्वतीनं पोराला सासूच्या मांडीत दिलं, कुडाला धरून उठली आणि पिठाचा डबा ओढला. मला वाटलं, ही काय तऱ्हा, तापानं फणफणलेल्या बाईला चुलीपुढं बसवायचं. पण चंद्रभागाबाईनं सुनेला अडवलं नाही, तेव्हा मीही मधे पडलो नाही.

एका हातानं भाकर करायची म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं. पीठ काढलं, पाणी ओतलं, तळहाताच्या बुडानं मळलं. परात सरकायची तर ती पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली. एका हातानं थापता येईना, भाकरीच्या कडा फाटत होत्या. सरलाबाईचे हात दोनदा पुढं आले. दुसऱ्या वेळी ती ते मांड्यांखाली घालून वर स्वतःच बसली. योगिता उठायला लागली, "मम्मी, उसको बुखार है, मैं कर देती—"

"बस खाली," सरलाबाई म्हणाली. "तिला करू दे."

भाकर तव्यावर गेली. जाड, वेडीवाकडी, मधे बोटांचे ठसे. धूर झाला, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, त्यात खरं कुणाचं आणि धुराचं कुणाचं ते कळलं नाही. माझं तरी खरं होतं.

पार्वतीनं भाकर ताटलीत घातली, वर मीठ आणि लाल मिरची. ताटली हातात धरून ती थांबली. तेव्हा सरलाबाई बोलली.

"माझं चुकलं, पार्वती. मागल्या वर्षीची भाकर मी खायला पाहिजे होती. माझ्या आज्याला गावातल्या बायका वरून भाकरी टाकायच्या, विटाळ होईल म्हणून. तुझं कमी होईल एवढंच मला दिसलं. तू किती हौसेनं आणलीस ते दिसलं नाही."

पार्वतीनं पहिल्यांदा नीट तिच्याकडं बघितलं. "तुम्हना घरले बी वरथून टाकेत?"

"आमच्या घरालाच टाकत होते."

पार्वतीनं ताटली तिच्या हातात दिली. "खा. थंडी व्हई जाई."

सरलाबाईनं सवयीनं डोळे मिटले, ओठ हलले. चंद्रभागाबाई वाकून बघायला लागली. "काय म्हनस ती?"

"भाकरीबद्दल देवाला धन्यवाद देतेय," मी सांगितलं.

"देवले काब्र? करी ते पार्वतीनी."

सरलाबाईनं डोळे उघडले आणि तिला हसू आलं. पार्वतीलाही आलं, पण अंगठा दुखला तसं ते अर्ध्यावर मोडलं. सरलाबाई भाकर मोडून मिरचीशी खाऊ लागली. मधे कच्ची राहिली होती. "मजारमा कच्ची शे," पार्वती म्हणाली, ओशाळल्यासारखी. "असू दे," सरलाबाई म्हणाली आणि कच्चीसकट खाल्ली. शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून तिनं पाणी मागितलं. पार्वतीनं लोटा भरून दिला, आणि तो रिकामा होऊन परत आला तेव्हा तो खाली ठेवून तिनं दुसरा, चिंधीचा हात पुढं केला. योगितापुढं नाही केला. सरलाबाईच्या मांडीवर नेऊन ठेवला.

चिंधी सोडली तेव्हा वास सुटला. योगितानं चटाचट धुतलं, सुई दिली, आणि मी तिघींना गाडीत घातलं. पार्वती पुढं, सरलाबाईच्या खांद्यावर डोकं टाकून. सीटवरचा उघडा डबा कुणी बाजूला सरकवला ते आठवत नाही. बारडोलीच्या डॉक्टरनं जखम कापून साफ केली, सलाइनं लावली आणि एक दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं ते योगिताला ऐकवलं. हात राहिला. अंगठा जरा आखडला, पण राहिला.

पार्वती दवाखान्यात होती तोवर पोपटचा कोयता सरलाबाईनं चालवला. योगिता दवाखान्यात बसायची, मी सकाळी सोडायचो, संध्याकाळी आणायचो. दुपारी चंद्रभागाबाई फडात भाकरी घेऊन यायची आणि बायकांच्या घोळक्यात सरलाबाई जेवायची. तिच्या मोळ्या शेवटपर्यंत ढिल्याच राहिल्या. मुकादम चिडायचा, बायका आपल्या हातानं त्या पुन्हा आवळून द्यायच्या.

मग रविवार आला. चर्च गच्च भरलेलं. योगिता पांढऱ्या साडीत पुढं बसलेली, पाळकसाहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, गाणं झालं. मग ते म्हणाले, आता योगिताची आई दोन शब्द बोलेल. सरलाबाई उठली. चेहऱ्यावर पाल्याच्या रेघा, हातांना पट्ट्या. सगळ्यांना वाटलं, आता एखादं वचन सांगेल.

"योगिता," ती म्हणाली, "तिकडं पोचलीस की आधी कुणाच्या तरी दारात जा आणि खायला माग."

बाकांवर चुळबुळ झाली. आमच्या मंडळीत निम्मी माणसं अशी, की ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घोंगडी पसरलेली. मागणं हा शब्द तिथं कुणी मोठ्यानं काढत नाही. पुढच्या बाकावर म्हातारे बाबुराव बसले होते, मंडळीतले सगळ्यांत वडील. त्यांनी काठीवरची हनुवटी वर केली.

"आपल्या वाडवडिलांना मागायला लावलं होतं, त्यांनी ते बंद केलं, चांगलं केलं," सरलाबाई म्हणाली. "मी पण आयुष्यभर नुसतं देत आले. मला वाटत होतं, घेत नाही म्हणजे मी भली. एका बाईचा हात सडत होता आणि ती मला शिवू देत नव्हती, कारण मी तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. तिच्या दारात बसून मागितलं तेव्हा तिनं हात दिला. मागायला फार जड जातं. तुला पण जाईल. तरी माग."

इथं ती खाली बसेल असं मला वाटलं. ती बसली नाही. साडीचा काठ बोटांनी चुरत उभी राहिली, आणि तिचा आवाज फाटला.

"मला तुम्हा सगळ्यांकडं पण एक मागायचंय. माझी पोर जातेय. ती जाऊ नये असं मला रोज वाटतं. ती गेल्यावर त्या घरात मला घास उतरायचा नाही. कधीमधी कुणीतरी आम्हाला जेवायला बोलवा."

पाळकसाहेबांना काय करावं कळेना, ते पुस्तकाची पानं उलटत राहिले. योगिता तोंडाला पदर लावून रडत होती. मी कधी उभा राहिलो मला समजलं नाही. तेवढ्यात पुढच्या बाकावरून बाबुराव काठी टेकत उठले.

"आजच या," ते म्हणाले. "खिचडी आहे."

आम्ही तिघंही गेलो. खिचडी खारट झाली होती. सरलाबाईनं दोनदा मागून घेतली.